करोडगिरी नाक्यातले सोफे

आमचं नाट्यगृह म्हणजे निजामाच्या अमदानीतला करोडगिरी नाका. तिथं गाड्या अडवून मालावर जकात घ्यायचे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, पुढं जकातही गेली, आणि माल ठेवायची ती एक लांबोडकी खोली आमच्या नाट्यमंडळाला मिळाली. दार एकच, तेही रंगमंचाला लागून. पन्नासेक माणसं मांडीला मांडी लावून बसली की खोली भरायची.

त्यातही पुढची सगळी जागा सोफ्यांनी खाल्लेली. सोफे साहेबलोकांसाठी. साहेब आले नाहीत तरी त्यांवर कुणी टेकायचं नाही, असा अध्यक्षांचा दंडक. मी लाख वेळा बोलले. "ऐन वेळी साहेब आले तर?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या 'तर'ची मला आजही चीड येते.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. मला नाटकात काम करू द्यायचं की नाही, हे सासूबाईंच्या हातात होतं. "मी सोता बघते, मग बोलते," त्या म्हणाल्या होत्या. त्यासाठी नवं लुगडं नेसून बिडकीनहून एसटीनं आल्या. दारावरच्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं, जागा नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पडदा उघडला तेव्हा समोर रिकामे सोफे आणि मागं दाटीवाटीनं माणसं. त्यांत कुठंतरी सासूबाई असतील म्हणून मी जीव तोडून काम केलं. टाळ्याही पडल्या. साहेब शेवटपर्यंत आले नाहीत.

बाहेर आले तर सासूबाई पायरीवर बसलेल्या.

"आत्याबाई, आत का नाही आलात?"

"म्या दारातूनच बघितलं. कोच सारे रिकामे, अन् मला म्हनले जागा नाय." पदर सावरत त्या उठल्या. "काम लई चांगलं केलंस. पन जिथं मला बसाय जागा नाय, तिथं तू उभं राहायचं नाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात अध्यक्ष हसत आले, प्रयोग रंगला म्हणाले. मी त्यांना सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोलले आणि चेहऱ्यावरचा रंग न उतरवताच सासूबाईंना घेऊन स्टँडकडं निघाले. पुन्हा कधी रंग लावला नाही. एरवी मी सासूबाईंशी भाजीतल्या मिठावरूनसुद्धा भांडायची. त्या दिवशी भांडायला त्या लोकांनी मला तोंडच ठेवलं नव्हतं.