दगडासाठी वाकणं

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.कॉम., सेकंड क्लास. सांगायला लाज कसली, मी छाती काढून सांगतो. त्याच जोरावर ओमानमधल्या बरका गावात एका दुकानात हिशेबाला लागलो आणि त्याच जोरावर अर्बाब, म्हणजे माझे ओमानी मालक, मला आफ्रिकेत घेऊन गेले.

अर्बाबांचा जन्म तिकडचा, टांझानियातल्या मोठ्या सरोवराकाठचा. पोरवयातच घर ओमानला परतलं. तिकडे असताना आई त्यांना पहाटे उठवून डोंगरातल्या चिंपांझींचा ओरडा ऐकवायची. ओरडा ऐकला खूप, चिंपांझी पाहिला मात्र एकही नाही. आता गुडघे गेलेले, डॉक्टर नको म्हणत होते. मुलं म्हणाली, "बाबा, यूट्यूबवर बघा की."

"यूट्यूबला वास येतो का?" असं म्हणून अर्बाब माझ्याकडे वळले. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत चालायचं. "सदीक, तुला इंग्लिश येतं. विमानतळावर तू बोल. जंगलात मी बोलतो. यल्ला, चल."

पहिला दिवस फुकट गेला. झाडावर रिकामी घरटी, खाली अर्धवट खाल्लेली फळं. दुसरा दिवस शेवटचा, कारण उद्या सकाळी परतीचं विमान. मला एका जागी उभं राहवेना. पुढे जाऊन बघ, मागे येऊन अर्बाबांचा श्वास बघ, परत पुढे.

"बस रे," ते मास्कमधून म्हणाले; माणसाचा आजार चिंपांझींना लागू नये म्हणून तो सगळ्यांनाच घालावा लागत होता. "तुला बघून मलाच चक्कर येते."

वाटाड्यानं निघतानाच बजावलं होतं. अंगावर आले तर पळायचं नाही, हात उचलायचा नाही. झाड धरायचं आणि गप्प उभं राहायचं. मला सगळं समजलं होतं. शिकलेला माणूस आहे मी.

तेवढ्यात ओरडा झाला. एकानं सुरू केला, मग दहाजणांनी उचलला, नुसता चढत गेला. अर्बाब जागच्या जागी थांबले. "हाच," म्हणाले. आणि वळणावरून एक मोठा नर चार पायांवर सरळ आमच्याकडेच चालत आला. रुंद खांदे, घाई कसलीच नाही.

कोकणात आमच्या परड्यात माकडं उतरली की आई नुसती वाकायची. हाताला दगड लागला नाही तरी चालायचं. माणूस वाकला की माकड पळतं, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी कळतं.

मी वाकलो.

तो पळाला नाही. थांबला. अंगावरचे केस उभे राहिले, दुप्पट झाला. मग एक फांदी ओढत, किंचाळत आमच्या शेजारून असा गेला की पाचोळा माझ्या तोंडावर उडाला. झाडाझाडांतून धपाधप उड्या. आणि शांत.

"काय केलंस तू?" वाटाड्या इंग्रजीत ओरडला.

"खलास?" अर्बाबांनी त्याला विचारलं. मला वाटलं, जमीन फाटावी. म्हाताऱ्याचं सत्तर वर्षांचं राहिलेलं काम मी एका वाकण्यात घालवलं. "मी शोधून येतो," म्हणून निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. उजवंच, दगडासाठी खाली गेलेलं.

"बस."

ओल्या मुळावर बसलो. मला मुंग्या चावत होत्या, उठावंसं वाटत होतं. ते मनगट सोडेनात. बराच वेळ काहीच झालं नाही. मग समोरच्या उंबरासारख्या झाडावर पानं हलली. एक मादी उतरली, पोटाला पिल्लू. तिनं आमच्याकडे पाहिलं, फळ तोडलं, बसून खाऊ लागली. पिल्लानं तिच्या तोंडातलंच काढून घेतलं. वास आला, ओल्या घोंगडीसारखा. अर्बाब पुटपुटले ते स्वाहिलीत, मला नाही कळलं. पण "मामा", म्हणजे आई, एवढं कळलं. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत गेली.

बरक्याला परतल्यावर मुलांनी दुकानात विचारलं, "बाबा, जवळून किती दिसले?"

अर्बाबांनी चहाचा घोट घेतला. "चार. एक नर, एक मादी, एक पिल्लू." मग कपानं माझ्याकडे दाखवलं. "आणि हा."

सगळे हसले. मी संगणकावर मान घातली. पेन खाली पडलं होतं, पण उचलायला वाकलो नाही.