सोमवारी टांगलेला शनिवार

आधी चहा संपवा बरं, नाहीतर नाकातून येईल! घोळ माझ्याच हातचा आहे. अजून आठवलं की कान गरम होतात.

मी बेसाच्या एका शाळेत विशेष शिक्षिका. माझ्या वर्गातली सई आठ वर्षांची, स्वमग्न. बोलते मोजकं, पण चित्रांवर भारी विश्वास! म्हणून भिंतीवर तिच्यासाठी चित्रकार्डांची पट्टी: प्रार्थना, अभ्यास, डबा, खेळ, मग घर. काम झालं की ते कार्ड 'झालं'च्या डबीत टाकायचं आणि पुढचं बघायचं. शिवाय तिच्या गळ्यात एक छोटं कार्ड, 'शांत बस, श्वास घे'. ती चिडली की मी ते तिला दाखवायचे. स्वतःहून तिनं ते कधीच वापरलं नव्हतं.

दोन शाळांनी नाही म्हटलं तेव्हा तिची आई आमच्याकडे आली होती. रोज विचारायची, "मॅडम, ते कार्ड वापरन का जी कधी?"

त्या सोमवारी मी मुख्याध्यापिकांसमोर काय ऐट मारली! "सई आता पट्टी बघून एकटी सगळं करते. माझी गरजच नाही!"

आणि डब्यानंतर सई गायब.

बाप्पा! संडास पाहिले, झोपाळे पाहिले, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं. चौकीदाराला झापलं, वनमालाबाईंना झापलं. "लक्ष कुठे असतं तुमचं?" आईला फोन केला, तर ती मनीषनगरहून स्कूटीवर निघालीसुद्धा.

शिपाई असल्या तरी आमच्या वनमालाबाई कोणाला भीत नाहीत. त्या पट्टीसमोर उभ्या राहिल्या.

"मॅडम, डब्याच्या नंतर घर काहून हाय? खेळ कुठं गेला? आज का शनिवार हाय जी?"

मी पाहिलं. शनिवारी अर्धा दिवस! सकाळी मी शनिवारचीच पट्टी लावली होती. सईनं डबा खाल्ला, कार्ड डबीत टाकलं, पुढचं कार्ड पाहिलं. घर!

मी चपला न घालताच मागच्या अंगणात धावले. कडुनिंबाखाली मुलांना घरी सोडणारी शाळेची व्हॅन. आत सई, आपल्या नेहमीच्या सीटवर, दप्तर मांडीवर, अगदी शहाण्यासारखी. बाहेर ड्रायव्हर नामदेवभाऊ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते.

"भाऊ, सांगायचं ना!"

"मले वाटलं तुम्हीच बसवली!"

मग माझा बांधच फुटला. रडतेय काय, ओरडतेय काय! "अगं, जीव गेला ना माझा! कुठे होतीस?"

सईनं दोन्ही कान झाकले. मग एक हात काढला, गळ्यातलं कार्ड धरलं आणि थेट माझ्या नाकासमोर आणलं. शांत बस, श्वास घे!

बसले. करते काय? श्वास घेतला.

तेवढ्यात आई पोचली. मला वाटलं, आता आपली काही खैर नाही. पण तिचं लक्ष सईच्या हाताकडे. "अवं माय! वापरलं वं पोरीनं!" ती रडत रडत हसायला लागली. मीही सुटल्यासारखी हसले, काय सांगू, इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवं कार्ड, अक्षर मुख्याध्यापिकांचं: 'आज वार कोणता?'

आता रोज सकाळी मी ते मोठ्यानं वाचते, वार सांगते, मग पट्टी लावते. सई शेजारी उभी असते. मी ते कार्ड 'झालं'च्या डबीत टाकल्याशिवाय ती जागची हलत नाही.