गुरुवारची सावड : कोरेगाव भीमा ते दौंड

यंदा बबनच्या आईच्या शाळूला सावडीतलं एकही माणूस हात लावणार नाही. बातमी पक्की आहे. कोरेगाव भीमाच्या एसटी थांब्यावर चहा बशीत ओतता ओतता खुद्द बबननंच ती मला सांगितली.

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. पैसा मध्ये येत नाही. बबनचा बाप माझा शिरूरच्या शाळेतला सोबती. गावच्या सावडीत शिरलेलं बौद्धवस्तीतलं पहिलं घर त्याचं. जेवायला त्या घराची ओळ बांधाच्या पलीकडं पडायची, पण कामाला सगळे एका तासात, पिकाच्या एकाच ओळीत, उभे राहायचे. बाप गेला. आता घर सावडीतूनही गळणार होतं. बबनला साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. सावड चालवणाऱ्या आप्पांच्या हातापाया पडायला तो गावी निघाला होता. मी म्हटलं, चल, मीही येतो. दौंडला त्याची बहीण शांता आहे, तिलाही भेटून येऊ.

पुण्याहून नगर रस्त्यानं जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि उजवीकडची खिडकी घेऊ नका, ऊन लागतं. पहिली पाळी गाठायला निघालेल्या सायकलींची रांग दिसते. हँडलला डबा, पायजम्याला क्लिप. यातली निम्मी पोरं मागच्या मोठ्या दुष्काळात याच रस्त्यावर खडी फोडत होती. बबनही त्यातलाच. आज तो लेथवर पर्मनंट आहे. अंगात टेरिलीनचा शर्ट, नखांत मात्र ग्रीस. मला त्या नखांचा त्याच्याहून जास्त अभिमान वाटत होता.

कंडक्टर वैतागलेला. "सुट्टे काढा, सुट्टे! पगार झाला की समदे कारखानावाले नोटाच फडकावत्यात."

"तुमाला बी पगार नोटातच मिळतो ना, मास्तर?" मागून कुणी तरी म्हणालं, आणि गाडी हसली.

शिरूरला स्टँडबाहेर मटकीची उसळ, भाकरी आणि ठेचा खाल्ला. दोघांचं जेवण पुण्यातल्या एका राइसप्लेटच्या भावात झालं. पुढं कवठे येमाईकडची गाडी दुपारची. रस्ता मुरमाचा, डोक्याला टॉवेल बांधलात तरी केस पांढरे होतातच. फाट्यावर उतरून आम्ही वस्तीकडं चालत निघालो. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं टच्च भरलेली, पानं वाळत आलेली. आमच्याकडं शाळू कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तळहात सोलून निघतात. एकट्या बाईनं करायचं ते काम नव्हे.

तुकाराम आप्पा सावडीचे कर्ते. जमीनदार माणूस, पण तासात सगळ्यांच्या पुढं असणारा. ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"या पुणेकर. या बबनशेट."

"शेट कशापायी म्हणता, आप्पा?"

"मंग काय म्हणू? पारसाली माज्या रानात तुजी पाळी आली, तवा तू दोन मजूर धाडलंस. रोजंदारीचं."

"मला रजा नव्हती, आप्पा. म्हनून एकाच्या जागी दोन धाडली. चांगली, तगडी."

"त्येच तर! मजूर धाडून तू समद्या सावडीलाच मजूर केलंस. ह्या लोकांनी तुज्या बापासाठी हात सोलून घेतलं, त्ये काय रोजावर व्हतं व्हय?"

बबनच्या हिशेबानं त्यानं देण्याहून जास्तच दिलं होतं. कारखान्यात एकाच्या जागी दुसरा बदली कामगार चालतो. सावडीत चालत नाही. चूक त्याला त्या ओट्यावर कळली.

"नोकरी सोडू का मग, आप्पा?"

"सोड म्हनलं न्हाई म्या." आप्पांनी सुपारी तोंडात टाकली. "माजा पुतण्या पोपट बी तुज्याच कंपनीत हाय. त्यो बी न्हाई येत. नोकरी चांगलीच हाय. पर हात पायजेत बाबा, हात."

दुसऱ्या दिवशी बबन पाळीवर गेला. मी दौंडची वाट धरली. निघताना त्याच्या आईनं शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "भावजी, शांतीला म्हनावं, आठ दिसांत कणसं गळाया लागतील. दादाला काय तरी सुचव."

शिरूरहून दौंडला गाड्या बदलत जावं लागतं. सोबत पाणी ठेवा आणि घाई ठेवू नका. दौंड जवळ आल्याचं नाकालाच आधी कळतं, कोळशाच्या धुरावरून. स्टेशनबाहेरची भजी जरूर खा, तेलाकडं न बघता. रेल्वेच्या चाळीत शांता राहते, तिचा नवरा सदाशिव इंजिनावर फायरमन आहे. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर कोळशाची बारीक काजळी बसलेली. शांता ते झटकत होती. तिला सगळं सांगितलं.

"दाद्या खुळाच हाय!" ती म्हणाली. "मजूर कशाला धाडायचं? आमच्या चाळीत बघा काका, समदी आसपासच्या गावची. रेल्वेला कुठला आलाय रविवार? ज्यांची रेस्ट एका वारी, ती मिळून एकाच्या रानात जात्यात. फुडच्या रेस्टला दुसऱ्याच्या. यांच्या बापाच्या वक्तापासनं असंच चाललंय."

सदाशिव आतून म्हणाला, "मेव्हण्याला सांगा, सावड बांधाला बांध लागून असतीया असं न्हाई. आमची भोंग्यावर जुळती."

"आन् इचारा त्याला," शांता म्हणाली, "गुरुवारची सुट्टी काय त्या एकल्यालाच हाय व्हय? कंपनीत शेतकऱ्याचं पोर त्यो एकटाच?"

परत येताना सोलापूर रस्त्यानं आलो. कासुर्डीच्या आसपास गुऱ्हाळाचा वास गाडीत शिरला आणि पेंगणारे उतारू जागे झाले. माझ्या डोक्यात मात्र दौंडची चाळ होती. कारखाने आले की गावं मोडतात, असं आम्ही लिहिणारी माणसं सवयीनं लिहून टाकतो. दौंडला दोन पिढ्या भोंगा वाजतोय आणि सावड मोडलेली नाही. तिनं फक्त वार बदलला.

त्याच संध्याकाळी कोरेगावला जाऊन शांताचा निरोप बबनला पोचवला. तो तसाच सायकल काढून गेला.

काल तो पुण्याला माझ्या घरी आला. सोबत पोपट, आप्पांचा पुतण्या. गुरुवारची सुट्टी असणारी शिरूर तालुक्यातली पोरं त्यांनी जमवली होती; मराठा, माळी, बौद्ध, एक मुसलमान फिटरही. येत्या गुरुवारी सगळे पहिल्या गाडीनं कवठ्याच्या फाट्यावर उतरणार.

"म्हणजे आईचा शाळू निघाला," मी म्हटलं.

"न्हाई काका," बबन म्हणाला. "आदी आप्पांचं रान. पारसालचं फेडायचं, सोताच्या हातानं. आईचं फुडच्या गुरुवारी."

"तोवर कणसं गळली तर?"

"थोडी गळतील. आईलाच इचारलं. ती म्हनली, गळू दे, पर सावडीतलं नाव गळाया नगं."

बायकोनं पोहे आणले. मी पोपटला विचारलं, "आणि जेवणाच्या ओळी?"

"म्या चुलत्याला सांगितलंय. आमी कॅन्टीनला एका बाकड्यावर जेवतो. बांधावर दोन ओळी पडल्या, तर मी बबनच्या ओळीत बसणार."

"मग? काय म्हणाले आप्पा?"

"व्हय म्हनलं न्हाईत, न्हाई बी म्हनलं न्हाईत. म्हनले, आदी शाळू उपटून दावा, तुमचं हात तेलात मऊ पडल्यात. पर सकाळी चुलतीला म्हनत व्हते, गुरुवारी समद्यांच्या भाकरी एकाच पाटीत घाल, दोन पाट्या कोण वाहील रानात?"

गुरुवारी मीही जाणार आहे. शाळू उपटणं आता मला जमेल असं वाटत नाही, पण पेंढ्या बांधता येतात. पहिली गाडी वेळेवर असली तर न्याहारीच्या आधी शाळूची एक ओळ उपटून निघेल, असा बबनचा अंदाज आहे. फाट्यावर बैलगाडी घेऊन स्वतः आप्पा उभे राहतील, असं पोपट सांगतो.