लहान स्क्रीनवर कोण राहतं

सून आमच्या नाट्यसंस्थेची वेबसाइट करत होती. तिने संगणकावरच्या खिडकीची कड आत ओढली, तसे फोटो एकाखाली एक सरकले, काही नाहीसे झाले.

"बाबा, मोबाइलवर जागा कमी असते. कुणाला तरी लपवावं लागतं."

कुणाला, हे नेहमी कुणीतरी ठरवतं. नाटकाच्या जाहिरातीत जागा अपुरी पडली की अध्यक्ष सांगायचे आणि मी लेखिकेचं, सुलभाताईंचं, नाव गाळायचो. ताई तशाच गेल्या. अध्यक्ष अजून खुर्चीत आहेत.

"मोबाइलवर अध्यक्षांना लपव. ताईंना सगळ्यांत वर घे."

"अहो, ते भडकतील!"

"ते केबिनमधला मोठा स्क्रीनच बघतात. तिथे बसू दे त्यांना स्वतःकडे बघत. गाव मोबाइल बघतं."