शेजारणीची वंशावळ

लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियातलं आमचं अख्खं वेंटवर्थव्हिल बनाना ब्रेड भाजत होतं, तेव्हा मी शेजारणीचे पूर्वज शोधत होते. शेजारीण ऐंशीच्या पुढची, गोरी, नजर जवळजवळ गेलेली. तिचे पूर्वज मेनोनाइट. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य असताना जर्मनीकडून तिथे जाऊन शेती करणारे हे साधे, भाविक ख्रिस्ती लोक. तिचे आजोबा तिथून ऑस्ट्रेलियात आले आणि मागचं सगळं तुटलं. आता तिकडचे नातलग घराण्याचा वंशवृक्ष छापणार होते. पुरावा मिळाला तर तुमचीही फांदी जोडू, असं त्यांनी कळवलं होतं. म्हातारीला मूलबाळ नाही, भावंडं उरली नाहीत.

"मरायच्या आधी मी कुणाची तरी आहे, एवढं छापून येऊ दे," ती म्हणाली, आणि मी पदर खोचला. अंगात ट्रॅकपँट होती, तरी खोचला.

मी वसईची कॅथलिक. आमच्याकडे कूळ काढायचं तर चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद बघायची. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा, म्हणजे जन्मसाल हातात. त्यात माझा जन्म गेला शाळेत शिकवण्यात, त्यामुळे मला सगळंच येतं. कुंपणाच्या अलीकडे मी लॅपटॉप घेऊन, पलीकडे ती चहाचा कप घेऊन. माझा तोरा बघून ती मला 'मिस' म्हणायला लागली.

सगळं जुळत आलं आणि एका बाईपाशी अडलं. ही तिच्या आजोबांची आजी असायला हवी होती. पण हिच्या बाप्तिस्म्यानंतर दोनच वर्षांनी त्या आजीला मुलगा झालेला!

"दोन वर्षांची पोर आई होते का? ही तुमची नव्हे," मी निकाल देऊन टाकला.

"नो वरीज, मिस," म्हणून ती कप घेऊन आत गेली. तिची वाकलेली पाठ बघून मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मेलबर्नहून लेकीचा फोन आला. "मम्मी, राज्यांची बॉर्डर अजून बंदच आहे. बाळाचा बाप्तिस्मा परत पोस्टपोन केला." माझा पहिला नातू रांगायला लागला, तरी डोक्यावर पाण्याचा थेंब नाही. मी कुंपणाशी जाऊन चक्क रडले.

म्हातारी माझी समजूत घालू लागली. "रडायचं काय त्यात? माझ्या आजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांना मिशा होत्या. आमच्यात बाळांना देतच नाहीत. मोठं व्हायचं, स्वतः हो म्हणायचं, मगच."

माझं रडं जागच्या जागी थांबलं. "हे आधी नाही सांगायचं?" मी ओरडलेच.

"तुम्ही विचारलंत कुठे, मिस?"

धावत जाऊन लॅपटॉप आणला. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी ती बाई चांगली लग्नाच्या वयाची होती. गाव तेच, नवऱ्याचं नाव तेच. मीच तिला पाळण्यात घालून ठेवलं होतं.

अमेरिकेतल्या नातलगांनी ते मान्य केलं आणि छापायला जाणारं पान धाडलं. म्हातारीला दिसणार नव्हतं, म्हणून मी कुंपणाशी उभी राहून ते मोठ्याने वाचलं. जहाजातून उतरलेल्या जोडप्यापासून एकेक नाव, वर्गात हजेरी घेतात तसं. सगळ्यात शेवटी तिचं नाव आलं.

तिने कप खाली ठेवला, हात वर केला आणि म्हणाली, "प्रेझेंट, मिस."