सूचना क्रमांक एक: पान मिटावे

पावणेचार वाजले होते. गाडी सव्वादोनला सुटायची होती. तंजावूर स्टेशनच्या भोजनशाळेत अडतीस पाहुणे घामाघूम होऊन बसले होते आणि आमचे मुख्य आचारी रामोजीमामा त्यांना चौथ्यांदा भात वाढत होते.

एक गृहस्थ कळवळून मला म्हणाले, "इन्स्पेक्टर, आमचा गुन्हा तरी सांगा."

मी रेल्वेत केटरिंग इन्स्पेक्टर होतो. म्हणजे स्टेशनात शिजेल त्याची जबाबदारी माझी आणि शाबासकी वरच्यांची. साठनंतरच्या त्या वर्षांत आमच्या खात्यानं पर्यटकांसाठी एक थाटाची गाडी काढली, 'शिखर-सागर स्पेशल'. सेंगोट्टईच्या घाटातून निघून मदुराई, तिरुचि, तंजावूर करत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर. डब्यात गालिचे, खिडक्यांना मखमली पडदे. माहितीपत्रकात 'समुद्रात बुडणारा सूर्य' छापला होता. पूर्व किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो, त्यात बुडत नाही, एवढं वरच्या ऑफिसला कळवायचं धाडस कुणी केलं नाही.

तंजावूरला दुपारचं जेवण, केळीच्या पानावर. गाडी सव्वादोनला सुटली की पाचच्या सुमारास समुद्र. पण तीन फेऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा पाहुणे अंधारात पोचले. तक्रारवहीत एका बाईंनी लिहिलं, "समुद्राचा आवाज छान आहे. दिसायला कसा असतो?"

वरून पत्र आलं. पुढच्या फेरीला मोठे साहेब स्वतः गाडीत असतील. तंजावूरला उशीर झाला तर गाडी बंद.

मामा आणि त्यांचे पाच वाढपी या गाडीपुरतेच कामावर होते. मामा म्हणाले, "गाडी गेली तर आम्ही सहा जण काय करावं, राव? लग्नांची वाट पाहत बसावं?"

"गाडी जाणार नाही, मामा. माझा शब्द." मी यादी करायला बसलो. कुठल्या पदार्थाला किती मिनिटं ते मांडलं. सगळा वेळ भात खात होता.

"मामा, पाहुणे नको म्हणतात, तरी का वाढता?"

"पाहुणा नको म्हणणारच की. तोंडाचं कोण ऐकतो? पान मिटलं की जेवण झालं. ह्यांनी कधी पान मिटलं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या तंजावुरात जेवण झालं की पान आपल्या बाजूला मिटतात. उघडं पान म्हणजे माणूस अजून भुकेला. मी जन्मभर पान मिटत आलो, म्हणून ते कुणाला सांगावं लागेल हे सुचलंच नाही. दिल्ली-कलकत्त्याचे पाहुणे ताटात जेवणारे. वाढलेलं टाकू नये म्हणून ते संपवत होते. संपलं म्हणून मामा वाढत होते. दोन्हीकडे सभ्यता उतू जात होती आणि इंजिन वाफ सोडत उभं होतं.

मी इंग्रजीत कार्ड छापून घेतलं. सात सूचना. यादी महत्त्वाप्रमाणे करायची ही माझी पद्धत, म्हणून सगळ्यांत महत्त्वाची पहिली आणि ठळक: पान आपल्या बाजूला मिटावे. मग हात धुणे, उजव्या हाताने जेवणे वगैरे. सातवी: वाढलेल्या पदार्थांचा आस्वाद घ्यावा.

तपासणीच्या दिवशी मोठ्या साहेबांना बृहदीश्वराच्या देवळातून हलवता हलवता दीड वाजून गेला. पाहुणे पानावर बसले तेव्हा दोनला पाच कमी. मी सिग्नलची खात्री करायला स्टेशनमास्तरांकडे धावलो.

परत आलो तर अडतीस पानं मिटलेली. रिकामी, स्वच्छ. वाढपी बादल्या खाली ठेवून भिंतीला टेकलेले.

"मामा, हे काय?"

"जेवायचं नाही म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"पानं म्हणाली! मोठ्या साहेबांनी कार्ड हातात धरलं, 'नंबर वन' म्हणून मोठ्यानं वाचलं आणि पान मिटलं. मागोमाग सगळ्यांनी."

"नवी पानं मांडा!"

"कुठली? यादीत अडतीस लिहिलीत. मी चार जास्त मागितली तर म्हणालात, नासाडी होते."

"मग हीच उघडा!"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मिटलेलं पान उघडून वाढू? तुमच्या घरी चालतं, राव?"

माझ्याही घरी चालत नाही.

एका वाढप्याला सायकलवर बाजारात पिटाळलं. तोवर मोठे साहेब हात पुसत उठले होते. "सुंदर विधी! आटोपशीर. जेवण आता गाडीत ना?"

"साहेब, जेवण इथंच... दहा मिनिटं मिळाली तर..."

"गाडी सव्वादोनला सुटेल की नाही?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्या डोक्यातल्या यादीत सव्वादोन पहिलं होतं. "सुटेल, साहेब," मी म्हणालो.

मामांना ते ऐकू गेलं. त्यांनी सांबाराचं पातेलं उचललं आणि डब्याकडे पळत सुटले. सांबार चढलं. भात चढायच्या आत शिट्टी झाली.

नागपट्टणमला गाडी पाचला दोन मिनिटं कमी असताना पोचली. लख्ख उजेड, निळा समुद्र. गार्ड नंतर मला म्हणाला, "समुद्राकडे सगळ्यांची पाठ, सार्! सगळे सुंडलवाल्याभोवती." त्याच्याकडचे उकडलेले हरभरे चार मिनिटांत संपले.

अहवाल आला. वेळ: उत्तम. भोजन: एक पातेले सांबार. पुढच्या महिन्यात गाडी बंद झाली. मामांना स्टेशनच्या कँटीनमध्ये घ्यावं असा अर्ज मी स्वतः टाइप करून नेला. त्यांनी तो वाचून परत दिला. "कँटीनमध्ये तुमचीच यादी असेल. नको."

पाच वाढप्यांना घेऊन त्यांनी बस स्टँडजवळ मेस काढली. मी अजून यादी करतो, पण महत्त्वाप्रमाणे नाही, कामाच्या क्रमाप्रमाणे. मामांच्या मेससाठीही एक करून दिली होती. नऊ सूचना, पहिली 'बसावे', शेवटची 'पान मिटावे'. ती भिंतीवर आहे. मधल्या सात मामांनी चुन्यानं पुसून टाकल्या आहेत. गिऱ्हाइकांचं काही अडलेलं दिसत नाही.