संत्र्याच्या ट्रकचं वजन

शाळेत मी चार वर्गही धड शिकले नाही. वाचायला शिकले ती आमच्या ह्यांच्या ट्रकच्या कागदांवरून. एकच ट्रक होता आमचा. नरखेडकडच्या बागांतली संत्री भरायची अन् थेट कलकत्त्याला न्यायची. वाटेत दरेक राज्याच्या हद्दीवर नाका, आणि त्या राज्याचा रस्त्याचा कर तिथंच भरायचा. बाबू जेवायला गेला की ट्रक उभा. संत्र्याला काय कळतं बाबूचं जेवण? तळाच्या टोपल्या मऊ पडायच्या.

म्हणून एका सकाळी नागपुरातले दहा-बारा ट्रकमालक आमच्या अंगणात जमले. सरकारला अर्ज करायचा, की कर आमच्याच शहरात एकदाच घ्या आणि ती पावती सगळीकडे चालू द्या. अर्ज मी लिहीत होते, पाटावर कागद ठेवून. सगळं सुरळीत चाललं होतं, तर हे म्हणाले, "अन् हेही लिही. ज्याचा ट्रक जड, त्यानं कर जास्त द्यावा. रस्ता आपणच फोडून राहिलो, तर दुरुस्तीले आपणच पैसे द्यावे."

मी लिहूनही टाकलं. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. जरीपटक्याचे एक म्हातारे मालक होते, पाच ट्रकांचे धनी. ते म्हणाले, "काहून गा, तू ट्रकवाला हायेस का सरकारचा वकील? हे वाक्य काढ, नाही तर मी सही करत नाही."

त्यांनी सही केली नसती तर बाकीच्यांनीही केली नसती, आणि एका ट्रकवाल्याचा अर्ज कोण वाचतो?

"तुझा ट्रक हलका असंल, म्हणून बोलून राहिला," आणखी एक जण बोलला.

"हलकाच हाये. चला काट्यावर!"

ट्रक भरून दारातच उभा होता. निघाली सगळी वरात वजनकाट्याकडे. मीही गेले, हातात तो अर्ज. आता गंमत अशी, की आमच्याकडे संत्री मोजून जातात, शेकड्यावर. एका ट्रकमध्ये इतके हजार म्हणजे इतके हजार, वजन कोणी करतच नाही. ह्यांनीही वर्षानुवर्षं नगावरच ट्रक भरला होता. आणि त्या साली फळ काय धरलं होतं! एकेक संत्रं मुठीत मावत नव्हतं.

काट्यावर वजन परवान्यापेक्षा जास्त निघालं. थोडंथोडकं नाही, वीस-पंचवीस टोपल्यांइतकं.

"घ्या! वकीलसाहेबाचाच ट्रक जड!" म्हातारे टाळी देऊन हसले. सगळेच हसले. ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता म्हणतील, काढ ते वाक्य. मी पेनाचं टोपणसुद्धा उघडलं, खोटं कशाला सांगू.

ह्यांनी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, "अवं, त्या वाक्याखाली जास्त कर देणाऱ्यांत पहिला नंबर आपल्या ट्रकचा टाक."

आणि चढले की वर! टोपल्या उतरवायला लागले. एकेक टोपली खांद्यावरून खाली. कोणाला हाक मारली नाही, कोणाकडे पाहिलं नाही. पुन्हा ट्रक काट्यावर घेतला, वजन परवान्यात बसलं. सदरा घामानं चिंब. माझ्या नवऱ्याइतका देखणा माणूस मी त्या दिवशी तरी दुसरा पाहिला नाही.

म्हातारे माझ्याजवळ आले, पेन मागितलं. "राहू द्या ते वाक्य, वहिनी," म्हणाले. "फक्त माझे पाच ट्रक आज काट्यावर न्यायले सांगू नका ह्याले."

त्यांनी सही केली, मग बाकीच्यांनी.

पुढं काही वर्षांनी एका परवान्यावर राज्यं ओलांडायची सोय झाली. ती आमच्या कागदामुळं झाली असं मी कधी म्हणणार नाही. उतरवलेल्या टोपल्यांतलं एकेक संत्रं मात्र त्या दिवशी ह्यांनी सही करणाऱ्या दरेकाच्या हातात दिलं. म्हाताऱ्यांनी दोन घेतली.